पंपिंग २० टक्के, वर्षात तीनदा ॲडमिट: प्रत्यारोपणाचा विचार कधी करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५७ वर्षांचे, कळव्याला राहतात, रबाळ्याच्या कंपनीतली नोकरी तब्येतीमुळे सुटली. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हा अँजिओप्लास्टी झाली. आता टूडी इकोत पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा, २० टक्के आहे. गेल्या दिवाळीपासून तीनदा ॲडमिट करावं लागलं. बीपी ९०/६० च्या आसपास, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) १.६, लघवीच्या गोळीचा डोस चढत चाललाय. एक डॉक्टर म्हणाले, हृदयप्रत्यारोपणाचा विचार करा. दुसरे म्हणाले, एवढ्यात कशाला, गोळ्या चालू ठेवा. मामा म्हणतात, चिलेशनची सलाइन लावून घ्या, हृदयाच्या सगळ्या नळ्या साफ होतात. आईला वाटतं हृदयप्रत्यारोपण अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे. आणि मुलगा विचारतोय, कळव्याची खोली विकायला काढू का?

खोलीचं आधी सांगतो: आज विकू नका. दलालाला फोन करण्याआधी बऱ्याच गोष्टी ठरायच्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना फार पैसे लागत नाहीत.

मी ठाण्यात हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय कमजोर पडलेले, रुग्ण पाहतो. सर्जन नाही. प्रत्यारोपणाआधी आणि नंतर रुग्णाला सांभाळणं हे माझं काम. कागद न बघता कुणाच्याही वडिलांबद्दल निकाल देता येत नाही, तेव्हा पुढचं सगळं 'असं असेल तर असं' याच चालीत वाचा.

दोन डॉक्टरांची मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघांचंही बरोबर असू शकतं. कारण 'प्रत्यारोपण करायचं की नाही' हा प्रश्न तुमच्यापुढे अजून आलेलाच नाही. त्याआधीचे प्रश्न वेगळे आहेत. त्याच्या अलीकडचं सगळं करून झालंय का? झालं असेल, तर आजार खरोखर शेवटच्या टप्प्याकडे निघालाय का? आणि निघाला असेल, तर शरीर अजून एवढी मोठी शस्त्रक्रिया झेलण्याजोगं आहे का? हे प्रश्न सोडवायला तपासणी लागते, आणि तपासणीला गेलात म्हणजे ऑपरेशनला होकार दिलात असं होत नाही. माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक प्रत्यारोपणाच्या सेंटरला जायलाच घाबरतात, जणू दारात पाय ठेवला की सही घेतील.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरला आज चार प्रकारची औषधं लागतात. सॅक्युबिट्रिल-वालसार्टनची गोळी. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल सक्सिनेट, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही चौथी मूळची डायबेटिसची गोळी. २०१९ मध्ये मोठ्या अभ्यासातून दिसलं की साखर नसलेल्यांच्याही हृदयाला तिचा फायदा होतो. पण घरात कुणीतरी पाकिटावरचं वाचतं, 'बाबांना कुठे शुगर आहे?' म्हणतं आणि गोळी बंद. तुमच्या घरी हे झालंय का, आधी बघा. लघवीची गोळी या चारांत येत नाही. ती फुप्फुसातलं आणि पायातलं पाणी काढते, दम कमी करते, म्हणून रुग्णाला तीच खरी औषध वाटते. आयुष्य वाढवण्याचं काम मात्र या चौघी करतात.

आता बीपी. ९०/६० हा आकडा बघून घाबरून औषधं बंद झाल्याची उदाहरणं मी फार पाहतो. रुग्णाला उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल, हातपाय गरम असतील, तर ९० च्या बीपीवरही बहुतेक औषधं कमी डोसमध्ये चालू ठेवता येतात. वेळा बदलून, एक सकाळी एक रात्री अशी विभागून, कधी अंगातलं पाणी आटलं असेल तर लघवीची गोळी थोडी कमी करून. हे घरच्या घरी करायचं नाही, डॉक्टरांना विचारून करायचं. पण विचारायचं नक्की: 'चारही चालू आहेत का, नसतील तर कुठली का बंद केली?' या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं असायला हवं.

त्याच जोडीला आणखी काही गोष्टी तपासून झाल्यात का ते पाहा. ईसीजीत डाव्या बाजूचा ब्लॉक (रक्ताच्या नळीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल आणि त्यातली एक पट्टी, जिला आम्ही क्यूआरएस म्हणतो, ती १५० मिलिसेकंद किंवा जास्त रुंद असेल, तर सीआरटी नावाचा तीन तारांचा पेसमेकर बसवून हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आणता येतात. नीट निवडलेल्या रुग्णात त्याने पंपिंग बरंच वर येतं. औषधं पुरेशा डोसमध्ये तीन महिने देऊनही पंपिंग ३५ च्या खालीच राहिलं, तर अचानक येणाऱ्या जीवघेण्या ठोक्यांसाठी आयसीडी, म्हणजे शॉक देणारं यंत्र, याचा विचार व्हायला हवा होता. झाला होता का? रक्तातलं लोह कमी आहे का? असेल तर ते सलाइनमधून देता येतं आणि दम कमी होतो. ठोके अनियमित आहेत का? मायट्रल झडप फार गळतेय का? थायरॉइड पाहिलंय का? दारू आहे का? आणि गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुणी देतंय का? या वेदनाशामक गोळ्या पाणी साठवतात, किडनीवर ताण आणतात आणि पुष्कळदा न सांगता घेतल्या जातात.

अँजिओग्राफी पुन्हा करून 'ब्लॉकेज काढलं की पंपिंग वाढेल' असंही कुणी सांगेल. कमजोर हृदयात फक्त स्टेंट घालून आयुष्य वाढतंच असं नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका चांगल्या अभ्यासात, उत्तम औषधांच्या जोडीला स्टेंट घालूनही मृत्यू किंवा ॲडमिट होणं कमी झालं नाही. बायपासचं गणित वेगळं आहे, निवडक रुग्णांत ती दहा वर्षांच्या हिशोबात फायद्याची ठरली आहे. तेव्हा हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण एकाच माणसाच्या उत्साहावर सोडण्याजोगा नाही.

हे सगळं करून पंपिंग तीन ते सहा महिन्यांत २० वरून ३५ वर गेलेले रुग्ण मी पाहतो. अशा वेळी प्रत्यारोपणाचा विषयच मागे पडतो. दुसऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात कदाचित हेच असेल.

पण तुमचं वर्णन वाचून मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. नुसत्या २० टक्के आकड्याने मी घाबरत नाही. २० टक्क्यांवर गावदेवी मार्केटला जाऊन भाजी घेऊन येणारे लोक आहेत. मी पाहतो ते असं: वर्षात एकापेक्षा जास्त वेळा ॲडमिट झाले का, लघवीच्या गोळीचा डोस सतत वाढवावा लागतोय का, बीपी ९० च्या खाली घसरतंय का, आधी सोसणारी हृदयाची औषधं आता सोसेनाशी झालीत का, किडनी-लिव्हरचे आकडे बिघडतायत का, ॲडमिट असताना डोब्युटामिन किंवा मिलरिनोनसारखं हृदयाला रेटा देणारं इंजेक्शन लावावं लागलं का, आयसीडी असेल तर त्याने शॉक दिले का. यातलं एक जरी असलं तरी ॲडव्हान्स हार्ट फेल्युअरच्या टीमकडे पाठवावं, असा आमचा दंडक आहे. तुम्ही सांगितलेल्या चार ओळींत यातल्या तीन गोष्टी सरळ आहेत. क्रिएटिनिन १.६ हे हृदयामुळे आहे की मुळात किडनीच खराब आहे, हे वेगळं शोधावं लागेल.

म्हणून माझं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने झुकतं, एवढ्यापुरतं की तपासणीला आत्ता जा. वाट पाहू नका.

का, ते सांगतो, कारण इथे वेळेचं गणित उलटं चालतं. बाकीच्या आजारांत माणूस म्हणतो, अगदीच इलाज उरला नाही की मोठं ऑपरेशन. इथे अगदीच इलाज उरला नाही की मोठं ऑपरेशनही हातातून जातं. डावी बाजू वर्षानुवर्षं कमजोर राहिली की तिच्यामागे फुप्फुसात दाब साठत जातो. सुरुवातीला तो औषधाने उतरतो. पुढे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याच जाड आणि कडक होतात, मग दाब उतरत नाही. आता नवं हृदय येतं एका निरोगी माणसाकडून. त्याच्या उजव्या कप्प्याला कमी दाबाची सवय असते. सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला अचानक पाठीवर पोतं देऊन पारसिकचा डोंगर चढायला लावावं तशी त्याची गत होते, आणि तो पहिल्या काही तासांतच हात टेकतो. म्हणून फुप्फुसाचा दाब न उतरणारा निघाला तर टीम नाही म्हणते. तीच गोष्ट किडनीची, लिव्हरची. वजन घटून गालफडं बसलेल्या माणसाची जखमही भरत नाही. 'गणपती होऊन जाऊ देत', 'ताईचं लग्न उरकू दे' म्हणत सहा-आठ महिने गेले की पात्र रुग्ण अपात्र होतो. आणि हे बाहेरून दिसत नाही, माणूस तसाच खुर्चीत बसलेला असतो.

तपासणीत काय होतं? मुख्य म्हणजे राइट हार्ट कॅथ. मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी नेऊन फुप्फुसाचा दाब आणि हृदय मिनिटाला किती रक्त फेकतंय ते मोजतात. दाब जास्त असेल तर तिथेच औषध देऊन तो उतरतो का पाहतात. मग चालण्याची चाचणी, जमल्यास मास्क लावून सायकलवर ऑक्सिजन किती वापरला जातो त्याची चाचणी. रक्तगट, आणि परक्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क. टीबी कुठे दडून बसलाय का, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. कॅन्सरची चाळणी. दातांची तपासणीसुद्धा, कारण प्रतिकारशक्ती दाबल्यावर किडलेली दाढ मोठं संकट करते. सिगारेट आणि दारू काही महिने पूर्ण बंद असावी लागते, आणि आमच्या हिशोबात तंबाखू-मिश्रीही त्यातच आली. मानसोपचारतज्ज्ञ बोलतात, समाजसेविका घरच्यांशी बोलते. गोळ्या कोण देणार, रात्री दोनला ताप आला तर कोण घेऊन येणार, हे ती खोदून विचारते. चौकशी वाटते, पण प्रत्यारोपण यशस्वी होण्यात या उत्तरांचा वाटा मोठा असतो.

वयाची भीती सोडा. ५७ हे वय आड येत नाही. मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणीला असलेली ६५ वर्षांची अट केंद्राने २०२३ मध्ये काढून टाकली. शरीराची स्थिती बघितली जाते.

आईच्या शंकेबद्दल. प्रयोगाची पातळी होती, पण फार पूर्वी. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बदललं, आणि जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या काळात शरीराने परकं हृदय नाकारू नये यासाठीची चांगली औषधं नव्हती, मेंदूमृत्यूचा कायदा नव्हता. कायदा आला १९९४ मध्ये, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मुंबई परिसरात हे काम नव्याने सुरू झालं ऑगस्ट २०१५ मध्ये, पुण्याहून आणलेलं हृदय मुलुंडला बसवलं तेव्हा. म्हणजे तुमच्या घरापासून ऐरोलीचा पूल ओलांडला की पलीकडेच. आज देशात वर्षाला साधारण दोनशे ते अडीचशे हृदयं बदलली जातात. लोकसंख्येपुढे हा आकडा फार लहान आहे, पण प्रयोग म्हणण्यासारखा नाही.

निकाल काय? आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार शंभरातले ८५ ते ९० रुग्ण पहिलं वर्ष पार करतात, आणि निम्मे जण बारा वर्षांच्या पुढे जगतात. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रत्यारोपण शक्य नसलेल्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना फक्त औषधं दिली, तेव्हा वर्षाअखेर चारातला एकच जिवंत होता. तेव्हाची औषधं जुनी होती आणि ते रुग्ण तुमच्या वडिलांपेक्षा बहुधा जास्त आजारी होते, तेव्हा हा आकडा तसाच्या तसा त्यांना लावू नका. पण 'गोळ्या चालू ठेवा' हा पर्यायही धोक्याशिवाय नाही, एवढं त्यातून कळतं.

पात्र ठरले, तर रुग्णालय विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे, म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या झेडटीसीसीकडे, नाव नोंदवतं. ठाणे, नवी मुंबई त्यांच्याच हद्दीत येतं. तुम्ही स्वतः जाऊन नाव घालू शकत नाही, आणि 'ओळखीने वर घेतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. हृदय मिळतं फक्त मेंदूमृत दात्याकडून. चार डॉक्टरांचं पॅनल किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू जाहीर करतं, मग नातेवाईक संमती देतात. त्यानंतर रक्तगट, दात्याची आणि रुग्णाची शरीरयष्टी, किती तातडी आहे आणि यादीतला क्रम, हे सगळं जुळावं लागतं. ओ गटाच्या रुग्णाला सहसा जास्त थांबावं लागतं, कारण त्याला ओ गटाचंच हृदय चालतं, उलट ओ गटाचं हृदय इतरांनाही चालतं. किती थांबावं लागेल? दोन आठवडेही लागलेत, वर्षही लागलंय, आणि काही जण वाट पाहतानाच गेलेत. हे मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगतो.

काढलेलं हृदय साधारण चार तासांत नव्या शरीरात धडधडायला हवं. म्हणून ते ग्रीन कॉरिडॉर, म्हणून सुरतहून विमान. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की यादीत नाव असताना फोन चोवीस तास चालू, आणि दोनेक तासांत रुग्णालयात पोहोचता येईल इतक्याच अंतरावर राहायचं. गणपतीला कोकणात गावी जायचं असेल तर आधी समन्वयकाला विचारायचं. फोन येऊन, तयारी होऊन, ऐनवेळी दात्याचं हृदय चांगलं नाही म्हणून परत पाठवलं, असंही होतं. त्याची मनाची तयारी ठेवा.

ऑपरेशन जमलं की आजार संपला, असं मात्र समजू नका. एका आजाराच्या जागी दुसरी, बरीच सुसह्य पण जन्मभराची, जबाबदारी येते. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या गोळ्या घड्याळ लावून घ्याव्या लागतात. पहिल्या वर्षात नाकारण्याचा धोका सगळ्यात जास्त, म्हणून मानेच्या शिरेतून हृदयाचा कणभर तुकडा काढून बायोप्सी करतात, आधी दर आठवड्याला, मग अंतर वाढवत. गोळ्यांनी साखर वाढते, बीपी वाढतं, किडनीवर परिणाम होतो, जंतुसंसर्ग पटकन होतो. काही वर्षांनी नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होऊ शकतात, आणि नसा कापलेल्या असल्याने छातीत दुखून त्याची सूचना बहुधा मिळत नाही, म्हणून ठरलेल्या वेळी तपासण्या.

आपल्या भागातल्या काही खास सूचना देतो, कारण त्या डिस्चार्ज कार्डावर नसतात. खिडकीत कबुतरांना दाणे टाकणं कायमचं बंद, त्यांच्या विष्ठेतली बुरशी अशा रुग्णाला भारी पडते. रस्त्यावरचा उसाचा रस, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळं बंद. गणपतीत बाजारात येणारं पपनस खायचं नाही, त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. आणि 'प्रतिकारशक्तीसाठी' गुळवेलीचा काढा अजिबात नाही. आम्ही जी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतोय तीच कुणी प्रेमाने वाढवू पाहतं. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणं टाळा, लेप्टोचा धोका सगळ्यांना असतो, यांना अधिक. एवढं सांभाळून लोक कामावर जातात, लोकलने फिरतात (गर्दीची वेळ टाळून, मास्क लावून), नातवंडांच्या मागे धावतात.

आता एलव्हॅड, म्हणजे डाव्या कप्प्याला जोडलेला यांत्रिक पंप. हा पर्याय प्रत्यारोपणापर्यंत तग धरायला किंवा प्रत्यारोपण शक्यच नसेल तर कायमचा म्हणून वापरतात. सध्याच्या हार्टमेट ३ या पंपावर पाच वर्षांनी ५८ टक्के रुग्ण जिवंत होते, म्हणजे यंत्र चांगलं आहे. अडचणी दोन. पोटातून बाहेर येणारी तार आणि तिला जोडलेल्या बॅटऱ्या आयुष्यभर सांभाळायच्या, तारेच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्त पातळ करणारी गोळी घेऊन सतत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासायचं, पक्षाघात आणि रक्तस्राव या दोन्हींचा धोका राहतो. दुसरी अडचण किंमत. आपल्याकडे यंत्राचीच किंमत अख्ख्या प्रत्यारोपणाच्या खर्चापेक्षा जास्त पडते. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात मी हा पर्याय सांगतो जरूर, पण त्यावर फार वेळ घालवत नाही.

मामांना नमस्कार सांगा, पण चिलेशन नको. त्याने मेलेला हृदयाचा स्नायू जिवंत होत नाही, आणि वडिलांचा प्रश्न नळीपेक्षा स्नायूचा आहे. स्टेम सेलचंही तसंच, आज तरी तो सिद्ध उपचार नाही. या दोन्हींवर लाखभर रुपये आणि त्याहून वाईट म्हणजे चार महिने घालवून आलेली माणसं मला भेटतात.

एक शक्यता उरते, आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तपासणीत 'प्रत्यारोपण नको' असं ठरू शकतं, किंवा वडील स्वतःच नको म्हणू शकतात. त्यांना कुणी विचारलंय का? तुमच्या प्रश्नात आई आहे, मामा आहेत, दोन डॉक्टर आहेत, वडील काय म्हणतात ते कुठेच नाही. नको ठरलं तरी उपचार थांबत नाहीत. दम कमी करण्यासाठी औषधांचा मेळ बसवता येतो, थोड्या मात्रेत मॉर्फिनने धाप खूप उतरते, ठरावीक रुग्णांना हृदयाला रेटा देणारं औषध घरी किंवा डे-केअरमध्ये देता येतं. पॅलिएटिव्ह टीम हे काम करते, आणि तिला शेवटच्या आठवड्यात नाही, आधी भेटायचं असतं. व्हेंटिलेटर हवा की नको हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली.

पैशांबद्दल. खासगी रुग्णालयात हृदयप्रत्यारोपणाला ढोबळमानाने २० ते ३५ लाख लागतात, गुंतागुंत झाली तर वर. आणि पहिल्या वर्षी औषधं-तपासण्यांचा महिन्याचा खर्च पाच आकड्यांत जातो. लोक ऑपरेशनची रक्कम उभी करतात आणि पुढच्या महिन्यांचं गणित करत नाहीत, म्हणून मी आधी तेच विचारतो. राहती खोली विकून ऑपरेशन केलं आणि नंतर भाड्याच्या दमट खोलीत राहून टॅक्रोलिमसला पैसे नाहीत, ही अवस्था नको. तपासणी झाल्यावर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या रेशन कार्डावर काय मिळतं, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक न्यास, हे सगळे अर्ज तिथे भरून मिळतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथेही विचारा. २०२४ मध्ये केईएममध्ये पुन्हा हृदयप्रत्यारोपण झालं, म्हणजे पालिकेच्या रुग्णालयाचं दारही आता बंद नाही. वडिलांच्या कंपनीत ईएसआय कापला जात होता का, तेही बघा.

या आठवड्यात करायचं ते एवढंच. रोज सकाळी संडास-लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन, वहीत लिहून. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. लोणचं, पापड, सुकट, फरसाण बंद. 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन, सॅक्युबिट्रिल-वालसार्टन चालू असताना ते धोकादायक पातळीला जाऊ शकतं. शहाळ्याचंही तेच. जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीची आणि डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी त्या दिवशी घ्यायची का, हे आधी फोनवर विचारायचं. फ्लू आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर विचारून घेऊन टाका.

आणि फाइल लावा. अटॅकच्या वेळची अँजिओग्राफी सीडीसकट, आजवरचे सगळे इको तारखेच्या क्रमाने, तिन्ही डिस्चार्ज कार्डं, सहा महिन्यांतले क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट एका कागदावर उतरवून, एक ताजा ईसीजी, आणि सध्या खरोखर पोटात जाणाऱ्या गोळ्यांची यादी. चिठ्ठीत लिहिलेल्यांची वेगळी. प्रत्यारोपण सेंटरच्या हार्ट फेल्युअर ओपीडीची वेळ घ्या, मुलुंड असो, बेलापूर असो की मुंबईतलं दुसरं कुठलं. सोबत वडिलांना आणि आईला दोघांनाही न्या. राइट हार्ट कॅथचा रिपोर्ट हातात आला की त्यातला फुप्फुसाचा दाब आणि रेझिस्टन्सचा, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या रक्ताला किती अडवतात त्याचा, आकडा मला लिहून कळवा, मग पुढचं जास्त नेमकं बोलता येईल.